अमेरिकेतून महाराष्ट्रात मूल दत्तक घ्यायला जाताय? कागद, तिकिटं, आजी आणि दिल्लीची ब्लड टेस्ट

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघंही मूळचे पुण्याचे, आता अमेरिकन सिटिझन आणि ओसीआय कार्डवाले (म्हणजे मूळचे भारतीय, पण परदेशी नागरिक), घरी एक अकरा वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावातल्या शिशुगृहातून साडेपाच वर्षांची लेक घेऊन आलो. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी ओळखीतून फोन येतो की "ताई, जरा प्रोसेस सांगा ना", आणि मी स्वयंपाक करता करता तेच तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. लेकीचं नाव, गाव, संस्था काही लिहीत नाहीये, का ते पुढे कळेल.

एक गोष्ट आधी डोक्यात घाला, बाकी सगळं त्यातूनच येतं. ही ट्रिप आपल्याला माहेरी जाण्यासारखी वाटते, वडापाव, काकूकडे जेवण, लक्ष्मी रोडला खरेदी वगैरे. पण ज्या मुलासाठी जातोय त्याच्यासाठी आपणच परदेशी, आपली गाडी, आपला वास, आपलं मोठमोठ्याने बोलणं सगळंच परदेशी. आम्हाला हे चौथ्या दिवशी कळलं.

तिकिटाचा विचार करायच्या फार आधी

पहिला प्रश्न, तुमच्याकडे पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्टवर बाहेर राहत असाल तर तुम्ही एनआरआय आणि कारा (दत्तकाचं काम बघणारी भारताची केंद्रीय सरकारी संस्था) तुम्हाला भारतातल्या पालकांच्याच रांगेत धरते, म्हणजे लहान निरोगी बाळ हवं असेल तर तीन वर्षांहून जास्त थांबायची तयारी ठेवा. ओसीआय असाल तर मूल आधी भारतातल्या पालकांना दाखवलं जातं, तिथे घर मिळालं नाही तर मग आपल्याकडे येतं. त्यामुळे आपल्याला बहुतेक करून पाच वर्षांच्या वरची मुलं, भावंडांच्या जोड्या किंवा काही वैद्यकीय गरज असलेली मुलं दिसतात. ज्यांना सहा महिन्यांचं बाळच हवंय त्यांनी हे वाचून आत्ताच एकमेकांशी बोलून घ्या, नंतर रेफरल, म्हणजे एखाद्या मुलाची माहिती, समोर आल्यावर नको.

अमेरिकेच्या बाजूने आय-८००ए फॉर्म (पालक म्हणून तुम्हाला मंजुरी मागणारा) भरायला नवरा-बायकोतला एक तरी अमेरिकन सिटिझन लागतो. दोघंही एचवनबी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही, तुमचा रस्ता वेगळा आणि काटेरी आहे, आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. भारतात दत्तक मिळेलही, पण मुलाला इकडे आणता येणार नाही अशी अवस्था होते.

आणि आता सगळ्यात मोठी चूक, जी चांगली शिकलेली माणसं करतात. सुट्टीत भारतात गेले, कुणा नातेवाइकाने सांगितलं "आपल्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये एक बाई आहे, वकील पेपर करून देईल", लगेच नोटरी, दत्तक विधान, पेढे. अजिबात नको. भारत आणि अमेरिका दोन्ही हेग कराराचे सदस्य आहेत, एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक जाण्याबद्दलचा १९९३ चा करार, त्यात आधी अमेरिकेची मंजुरी, मग दत्तक आदेश, मग विसा असाच क्रम चालतो. आय-८०० ला (हा त्या ठराविक मुलासाठीचा फॉर्म) प्रोव्हिजनल मंजुरी मिळायच्या आधी मूल कायद्याने तुमचं करून घेतलंत तर विसाच अडकतो. शिवाय ठरलेल्या मार्गाबाहेर मूल देणं-घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. सांगणारे काका तेव्हा फोन उचलत नाहीत.

तर बरोबर क्रम असा. अमेरिकेत हेग मान्यता असलेली आणि काराने अधिकृत केलेली एजन्सी पकडायची (दोन्ही पाहिजे, एक असून चालत नाही). सोशल वर्कर घरी येऊन होम स्टडी करते, फायर अलार्मपासून तुमच्या लहानपणापर्यंत सगळं विचारते. मग आय-८००ए, बोटांचे ठसे, मंजुरी. ही मंजुरी १५ महिने चालते, तारीख फ्रिजवर लावून ठेवा. मग एजन्सी तुमची काराच्या पोर्टलवर नोंदणी करते आणि डॉसियर, म्हणजे तुमच्या सगळ्या कागदांची फाइल, चढवते.

वयाचा हिशोब आधीच करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे दोघांच्या वयाची बेरीज बघतात: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. लग्नाला स्थिर अशी दोन वर्षं झालेली हवीत, मूल आणि पालकांत किमान २५ वर्षांचं अंतर हवं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, एकट्या बाईला दोन्ही चालतं. घरी आधीच दोन किंवा जास्त मुलं असतील तर फक्त विशेष गरज असलेली किंवा सहज घर न मिळणारी मुलं. आमच्या दोघांची बेरीज ८७ होती, त्यामुळे अगदी बाळाचा प्रश्न आपोआपच मिटला.

पैशाचं सांगायचं तर संस्थेला जाणारी अधिकृत रक्कम ५००० डॉलर, पावतीसकट. त्यावर "डोनेशन" कुणी मागितलं तर द्यायचं नाही, एजन्सीला कळवायचं. एजन्सीची फी, होम स्टडी, प्रवास हे वेगळं आणि तेच जास्त होतं. ॲडॉप्शन टॅक्स क्रेडिट मात्र विसरू नका, २०२५ साठी कमाल १७,२८० डॉलर आहे. परदेशातलं दत्तक असेल तर ते पूर्ण झालं त्या वर्षीच्या टॅक्समध्ये मागायचं.

रेफरल येतं तेव्हा घड्याळ सुरू होतं

मुलाची माहिती आली की रिझर्व्ह करायला ९६ तास मिळतात, आणि मग ३० दिवसांत कागदांवर सही करून होकार द्यायचा. ९६ तास पुष्कळ वाटतात, आमचं रेफरल शुक्रवारी संध्याकाळी आलं आणि डॉक्टर सोमवारपर्यंत नाही. म्हणून आधीच दत्तक मुलांचे रिपोर्ट वाचणारा पेडियाट्रिशियन शोधून त्याच्याशी बोलून ठेवा, मोठ्या मुलांच्या हॉस्पिटलांत असे वेगळे क्लिनिक असतात.

दोन कागद येतात, चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि मेडिकल रिपोर्ट. वजन-उंचीचा एकच आकडा बघून घाबरू नका, जुने आकडे मागा, रेघ वर जातेय का ते महत्त्वाचं. डोक्याचा घेर, हिमोग्लोबिन, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही बघा. मूल विदर्भातलं किंवा नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आदिवासी पट्ट्यातलं असेल तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीय का आवर्जून विचारा. मूल सोडून दिलेलं सापडलं असेल तर जन्मतारीख अंदाजे धरलेली असते, पुढे शाळेत कुठल्या वर्गात घालायचं हा प्रश्न येतो, तेव्हा दातांवरून डॉक्टर काय म्हणतात तेही विचारा.

आणि भाषा. महाराष्ट्रातलं मूल म्हणजे मराठीच बोलणार असं गृहीत धरू नका, भिली, पावरी, हिंदी, कन्नड काहीही असू शकतं. आमची मराठी बोलते, पण तिची मराठी आमच्यापेक्षा खणखणीत, "आईस्क्रीम" ऐवजी "गारेगार" म्हणायची आणि नवऱ्याला काही कळायचं नाही.

होकार द्यायच्या आधी मुलाला प्रत्यक्ष जाऊन भेटता येतं आणि मेडिकल रिपोर्ट आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून तपासूनही घेता येतो. नवरा एकटा पाच दिवसांसाठी जाऊन आला. तिकिटाचे पैसे गेले, पण तिने एक माणूस तरी आधी बघितलेला होता, याचा पुढे फार उपयोग झाला.

होकारानंतर कागदांची लांब आगगाडी: आय-८००, विसाचा डीएस-२६० अर्ज, अमेरिकन दूतावासाचं हेग कराराच्या आर्टिकल ५ चं पत्र, मग काराची एनओसी (ना-हरकत पत्र), मग संस्था जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. हो, जिल्हाधिकारी, १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश कोर्टाऐवजी तिथून निघतात, त्यामुळे जुन्या अनुभवांत जज, तारखा वगैरे वाचलं तर गोंधळू नका. या काळात तुम्ही काय करायचं? एक फोटो अल्बम. प्लॅस्टिकचा, दहा-बारा पानांचा, मोठ्या मराठी अक्षरांत: हे बाबा, ही आई, हा दादा, हा तुझा पलंग, हे खिडकीतून दिसतं. बर्फाचा एक फोटो टाका. संस्थेतल्या मावशी तो रोज दाखवतात. आमच्या अल्बमचे कोपरे आम्ही पोचलो तोवर चघळून पार गेले होते.

नावाचं स्पेलिंग, याला वेगळा मथळा पाहिजेच

महाराष्ट्रात नाव म्हणजे स्वतःचं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. अमेरिकन पासपोर्टवर माझं मधलं नावच नाही. लग्नाच्या सर्टिफिकेटवर आहे. नवऱ्याच्या आडनावात ओसीआयवर एक ए जास्त आहे. आता हे सगळं दत्तक आदेशात, तिथून जन्मदाखल्यावर, तिथून मुलाच्या पासपोर्टवर, तिथून विसावर जातं, आणि एका ठिकाणी चुकलं की सगळीकडे चुकतं.

आमच्या आदेशात नेमकं तेच झालं, आडनावात एक अक्षर. आदेश निघाला ऐकून आम्ही खुशीत नॉन-रिफंडेबल तिकिटं काढली, पासपोर्ट "होईलच आठवड्यात" म्हणून. गेल्यावर कळलं की शुद्धिपत्रक निघाल्याशिवाय जन्मदाखला नाही आणि जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट नाही. एका टेबलावर सांगितलं साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यावर सांगितलं टायपिंग झालंय, सही बाकी. नऊ दिवस गेले. चूक आमचीही, कारण ड्राफ्ट आम्हाला ईमेलवर आला होता आणि आम्ही फोनवर वरवर वाचला.

तर करायचं काय: एका कागदावर तिघांची किंवा चौघांची नावं, इंग्रजी आणि मराठी दोन्हीत, पासपोर्टप्रमाणे तंतोतंत लिहून एजन्सीला आणि संस्थेला एनओसीच्या आधी पाठवा. प्रत्येक ड्राफ्टची प्रिंट काढून बोट ठेवून अक्षर अक्षर वाचा. मुलाचं पहिलं नाव शक्यतो तेच ठेवा, आम्ही ठेवलं. आणि तिकिटं मुलाचा पासपोर्ट हातात आल्याचा फोटो बघितल्यावरच, तारीख बदलता येणारी. मूल चार वर्षांच्या वरचं असेल तर फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात.

राहायचं कुठे आणि बॅगेत काय

आजोळी राहू नका. हे लिहून माझ्या आईचा फोन येणार आहे, येऊ दे. स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट घ्या. मुलाला भेटायच्या दोन दिवस आधी पोचा, जेटलॅगमध्ये पहाटे तीनला आपणच चिडचिडे असतो.

बॅग: कागदांच्या दोन फाइली (एक नवऱ्याच्या, एक तुमच्या हँडबॅगेत), स्टेपलर, विसासाठी दोन बाय दोन इंचाचे फोटो, उवांचं औषध आणि बारीक फणी, खरजेचं क्रीम डॉक्टरला विचारून, ओआरएस. कपडे फक्त दोन जोड, बाकी तिथे माप बघून घ्या, रिपोर्टमधलं वजन तोवर बदललेलं असतं. खेळण्यांचा ढीग नेऊ नका. एक बॉल, खडू, फुगे. संस्थेतल्या बाकी मुलांसाठी काय न्यायचं ते आधी विचारा, आमच्याकडे त्यांनी चॉकलेट नको, रेनकोट आणा सांगितलं.

मुलगा किंवा मुलगी घरी आधी असेल तर न्यायचं का? आम्ही नेलं आणि बरं झालं, लेक पहिले दोन दिवस आमच्याशी नाही, दादाशीच बोलली.

पहिले दिवस

संस्थेतून निघताना तिथल्या मावशींना विचारून घ्या: कधी झोपते, कुठल्या कुशीवर, दूध पिते का, कशाला घाबरते, आंघोळीला पाणी किती गरम. एक न धुतलेली चादर किंवा फ्रॉक मागून घ्या, वासासाठी. आणि निरोप नीट होऊ द्या, रडारड झाली तरी घाईने गाडीत बसवू नका.

आमची लेक गाडीत रडली नाही. फ्लॅटवर येऊन चप्पल काढून भिंतीला लावून ओळीत ठेवली, आमच्याही लावल्या. संध्याकाळी ताटं घेतली तर जेवेना. भूक नाही का, आवडलं नाही का, आम्ही दोघं कावरेबावरे. मग दादाच्या लक्षात आलं की ती हात जोडून बसलीय, जेवणाआधीचा श्लोक सगळ्यांनी म्हणायची वाट बघत. आम्हाला तो अर्धाच येत होता. तिने पूर्ण म्हटला, मग आमच्या तोंडाकडे बघितलं आणि जेवायला सुरुवात केली. रोज रात्री झोपताना एकच प्रश्न, "उद्या परत सोडणार?" याला "अगं नाही गं वेडे" हे उत्तर पुरत नाही. आम्ही अल्बम काढायचो, तिचा पलंग दाखवायचो, आज कुठे झोपायचं, उद्या काय खायचं ते सांगायचो. चौथ्या रात्री माझ्या फोनवर आमची सगळ्यांची मराठी-इंग्रजी खिचडी ऐकून तिने दादाला हळूच विचारलं, "यांना आपली भाषा येत नाही का?" त्या रात्रीपासून घरात इंग्रजी बंद. मूल नवीन असताना तेवढं करा, तुम्हाला मराठी येतं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, आणि अमेरिकन पालकांकडे ते नसतं.

आता आजी. आईने बारशाचा हॉल बघून ठेवला होता, साठ माणसं.

"अगं, नात आहे माझी, लोकांना दाखवू नको का?"

"आई, तिला अजून मीच नीट माहीत नाहीये."

"मग मी काय परकी?"

दोन दिवस अबोला झाला. शेवटी ठरलं ते तुम्हालाही सांगते: पहिले चार-पाच दिवस कुणीच नाही, मग फक्त आजी-आजोबा, एक तास, भरवायचं नाही, उचलून घ्यायचं नाही, "आईबाबा आठवतात का गं" असले प्रश्न अजिबात नाहीत. आई आली, जमिनीवर बसली आणि शेंगा सोलायला लागली. अर्ध्या तासाने लेक शेजारी बसून सोलत होती. पुढचं मागचं काही विचारलं नाही आईने, बिचारीने जीभ चावूनच ठेवली होती.

फोटोंचं कडक धोरण ठेवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या आवारात तर फोटोत दुसरं कुठलंच मूल येता कामा नये. फॅमिली ग्रुपवर एका मामांनी दहा मिनिटांत टाकला, फोन करून काढायला लावला, मामा अजून रुसलेत.

दिल्ली

महाराष्ट्रातलं मूल असलं तरी दत्तकाचा अमेरिकन विसा दिल्लीच्या दूतावासातून होतो, मुंबईहून नाही. त्याआधी हातात हवं: दत्तक आदेशाची सर्टिफाइड प्रत, तुमच्या नावाचा जन्मदाखला, काराचं आर्टिकल २३ चं कन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक हेग कराराप्रमाणे झालं असं सांगणारं), मुलाचा भारतीय पासपोर्ट. चारही ओरिजनल, हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत नाही.

मेडिकल दूतावासाने ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच. दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची टीबीसाठी आयजीआरए ब्लड टेस्ट होते. आपल्याकडे बीसीजी (टीबीची लस) सगळ्यांना दिलेलं असतं, त्यामुळे हातावरच्या जुन्या टेस्टपेक्षा ही बरी. पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्सरे, आणि एक्सरेत काही दिसलं तर थुंकीचं कल्चर, ज्याला आठ आठवडे लागतात. म्हणून मेडिकल शुक्रवारी आणि फ्लाइट सोमवारी असलं धाडस नको, आणि जमलं तर संस्थेला रक्त तपासणी आधीच करायला सांगून अंदाज घ्या. लसींचं टेन्शन घेऊ नका, दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांसाठी डीएस-१९८१ हे प्रतिज्ञापत्र देऊन लसी अमेरिकेत आल्यावर देता येतात. एका दिवशी पाच सुया टोचून घेण्यापेक्षा हे बरं.

सुईबद्दल खोटं बोलू नका. आम्ही म्हटलं "मुंगी चावेल तेवढं", आणि मग ती दिवसभर आमच्याशी बोलली नाही.

मेडिकल, रिपोर्ट, मुलाखत, पासपोर्ट परत, असे आमचे दिल्लीत आठ दिवस गेले. मुलाखत म्हणजे खिडकीवर दहा मिनिटं, कागद तपासणे आणि शपथ. विसा आयएच-३ (हेग मार्गाने भारतातच पूर्ण झालेल्या दत्तकाचा) आहे ना ते बघा आणि नाव, जन्मतारीख तिथेच उभं राहून वाचा. बंद लिफाफा दिला तर तो उघडायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

विमान

थेट फ्लाइट घ्या, १५-१६ तास, पण मधल्या विमानतळावर झोपलेलं मूल उचलून पळण्यापेक्षा सोपं. आधी मुंबई किंवा पुण्याहून दिल्लीची छोटी फ्लाइट झालेली असते, तीच तालीम. विमानातल्या टॉयलेटचा फ्लशचा आवाज आधी तोंडाने काढून दाखवा, हसू नका, आमच्याकडे यावर तीन तास गेले. कान दुखतात म्हणून उतरताना चघळायला काहीतरी. दिल्लीत इमिग्रेशनवाले आडनाव, पासपोर्ट, नवा विसा बघून थांबवतात, आदेश, एनओसी आणि कन्फर्मिटी सर्टिफिकेट लगेच दाखवता येईल असं वर ठेवा.

अमेरिकेत उतरल्यावर तुम्हाला वेगळ्या खोलीत नेतात, तास-दोन तास जातात, डायपर वयाचं मूल असेल तर सामान हातात ठेवा. आयएच-३ वर आलेलं १८ च्या आतलं मूल सिटिझन पालकासोबत राहायला आलं की त्याच क्षणी अमेरिकन नागरिक होतं, २००१ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे.

आल्यावरचे राहिलेले कागद

सर्टिफिकेट ऑफ सिटिझनशिप पोस्टाने घरी येतं, पत्ता बदलणार असाल तर आधी कळवा. ते आलं की सोशल सिक्युरिटी, अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर आणि शेवटी ओसीआय, याच क्रमाने. आदेशाच्या सर्टिफाइड प्रती भारतातूनच तीन-चार जास्त आणा, नंतर मागवणं म्हणजे पुन्हा तेच टेबल, तेच साहेब दौऱ्यावर.

आणि दोन वर्षं रिपोर्ट: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी, एकूण सहा. सोशल वर्कर घरी येते, उंची-वजन, शाळा, झोप विचारते, फोटो जोडते आणि एजन्सी ते काराला पाठवते. हे टाळू नका, एका घराने रिपोर्ट बुडवले की मागून येणाऱ्या सगळ्यांच्या फाइली जड होतात. आमचे चार झालेत. पाचव्यासाठी सोशल वर्कर पुढच्या महिन्यात येणार आहे आणि लेकीने विचारलंय की मावशींना पाठवायच्या फोटोत दात पडलेला दिसला पाहिजे का, नसेल तर ती तोंड बंद ठेवेल.